जेट स्की चालवताना आणि सांभाळताना: नव्याने हँडल हाती घेणाऱ्यांसाठी

तारकर्लीच्या किनाऱ्यावर किंवा देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते त्या संगमावर पर्यटकाला मागे बसवून पाच मिनिटांत चक्कर मारून आणणारी जेट स्की बहुतेकांनी पाहिलेली असते. हा लेख मागे बसणाऱ्यांसाठी नाही. ज्यांनी स्वतःचे यंत्र घेतले आहे, जे घेण्याच्या विचारात आहेत किंवा जलक्रीडेच्या व्यवसायात नव्याने कामाला लागले आहेत, त्यांच्यासाठी तो लिहिला आहे. ‘जेट स्की’ हे खरे तर कावासाकी कंपनीने १९७० च्या दशकाच्या आरंभी बाजारात आणलेल्या यंत्राचे नाव. यामाहाच्या यंत्रांना वेव्हरनर आणि बीआरपीच्या यंत्रांना सी-डू म्हणतात. आपल्याकडे मात्र सगळ्यांनाच जेट स्की म्हणण्याचा प्रघात पडला असल्याने येथेही तोच शब्द वापरला आहे.

आधी यंत्र समजून घ्यावे

जेट स्कीला बाहेर पाते नसते आणि सुकाणूही नसते. तळाला जाळी लावलेले एक तोंड असते. त्यातून पाणी आत ओढले जाते, पंपातले इम्पेलर नावाचे फिरते चक्र ते जोराने मागे ढकलते आणि पिछाडीच्या नोझलमधून त्याचा झोत बाहेर पडतो. हँडल वळवले की हे नोझल वळते, झोताची दिशा बदलते आणि यंत्र वळते. पुढे जे काही सांगायचे आहे, त्यातले बहुतेक सर्व या एका रचनेतून निघते. झोत असेल तरच वळण मिळते, आणि हे यंत्र ज्या पाण्यात चालते ते पाणी सतत पीत असल्याने त्या पाण्यातली वाळू, दोरी, प्लॅस्टिक आणि मीठ सारे काही त्याच्या पोटात जाते.

नवशिक्यांचे अपघात मोठ्या प्रमाणात पहिल्या गोष्टीमुळे होतात. समोर होडी किंवा पोहणारा माणूस दिसला की घाबरून हाताची पकड सुटते, थ्रॉटल, म्हणजे हँडलवरचा वेग देणारा खटका, सैल होतो आणि त्याच क्षणी झोत थांबतो. मग हँडल कितीही वळवले तरी यंत्र आपल्या गतीने सरळ, म्हणजे नेमके त्या अडथळ्याकडेच, घसरत जाते. रस्त्यावर दुचाकी चालवणाऱ्याचा हात संकटात आपोआप गती कमी करतो. येथे टक्कर चुकवायची असेल, तर थ्रॉटल थोडा दाबलेला ठेवून वळावे लागते. ही सवय वाचून लागत नाही. मोकळ्या, खोल पाण्यात रिकामे बंद डबे दोरीने नांगरून ठेवावेत, बेताच्या वेगाने त्यांच्याकडे जावे आणि पहिल्यांदा मुद्दाम थ्रॉटल सोडून हँडल वळवून पाहावे. यंत्र ऐकत नाही, हे स्वतःच्या हाताला कळले पाहिजे. त्यानंतर थ्रॉटल धरून वळण्याचा सराव दोन्ही बाजूंनी करावा आणि तो कंटाळा येईपर्यंत करावा.

काही नव्या यंत्रांत ब्रेकही असतो. सी-डूने तो २००९ मध्ये आणला आणि नंतर यामाहानेही तशी सोय दिली. त्यात नोझलसमोर एक झडप उतरते व झोत पुढच्या दिशेला फिरवला जातो. म्हणजे हा ब्रेकसुद्धा पाण्याच्या झोतावरच चालतो आणि इंजिन बंद पडले की तोही उरत नाही. विकत घेताना ‘ब्रेक आहे’ एवढे ऐकून निर्धास्त होणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

अंगावर काय असावे

लाइफ जॅकेट घालावे, ते अंगाला घट्ट बसणारे असावे आणि त्याचे सर्व पट्टे लावलेले असावेत. दोन्ही खांदे धरून कोणी वर ओढले तर जॅकेट हनुवटीच्या वर जाता कामा नये. वेगात पाण्यावर आपटल्यावर सैल जॅकेट निघून जाते. हवा भरून फुगणारी जॅकेटे या कामाला योग्य नाहीत, फोमची असावीत. जॅकेटाला शिटी बांधावी.

सुरक्षा दोरीबद्दल तडजोड नसावी. तिचे एक टोक यंत्राच्या बंद करणाऱ्या खटक्याला आणि दुसरे चालकाच्या मनगटाला किंवा जॅकेटाला असते. चालक पडला की दोरी सुटते व इंजिन थांबते. ही दोरी हँडलला गुंडाळून ठेवणारे अनुभवी चालक किनाऱ्यावर दिसतात. त्यांचे अनुकरण करू नये, कारण चालकाविना सुटलेली जेट स्की पोहणाऱ्यांच्या घोळक्यात शिरली तर तिला थांबवणारे कोणी नसते.

पोहण्याचे साधे कपडे पुरेसे नाहीत, ही गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. मागे बसलेला माणूस पिछाडीवरून पडला आणि त्याच वेळी थ्रॉटल दाबला गेला, तर झोताचे पाणी शरीराच्या खालच्या भागातून आत शिरून गंभीर अंतर्गत इजा होऊ शकते. निर्माते यंत्रावर चिकटवलेल्या सूचनेत म्हणूनच जाड रबरी पोशाखाची, निदान त्याच्या विजारीची, शिफारस करतात. साडी, ओढणी, लांब मोकळे केस यांना मागच्या बाजूला अजिबात वाव देऊ नये. प्रमुख निर्माते चालकाचे किमान वय १६ वर्षे सांगतात. मागे बसणाऱ्या मुलाचे पाय पायठाणावर टेकले पाहिजेत आणि मुलाला पुढे, हँडलपाशी बसवू नये.

दिवस आणि वेळ निवडणे

कोकणात भरती-ओहोटी साधारण सव्वासहा तासांनी पालटते. जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास आणि पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. हा अंदाज आहे. बाहेर पडण्यापूर्वी जवळच्या बंदराचे भरतीचे कोष्टक पाहावेच. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी जास्त चढते आणि तितकेच जास्त उतरते, त्यामुळे खाडीच्या तोंडाशी प्रवाह जोरात असतो. अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या दिवसांत तो मंद असतो. नवशिक्याने पहिले धडे भांगात घ्यावेत, आणि पाणी चढत असताना घ्यावेत, कारण यंत्र बंद पडले तर चढते पाणी त्याला खाडीत आत आणते, उतरते पाणी मात्र उघड्या समुद्रात घेऊन जाते. ओहोटीला खाडीतले वाळूचे पट्टे उथळ होतात हेही आहेच.

वाऱ्याच्या बाबतीत सकाळ फसवी असते. पहाटेपासून मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला समुद्र काचेसारखा दिसतो. पण बंद पडलेल्या यंत्राला हाच वारा बाहेर नेतो. दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि विशेषतः फेब्रुवारीपासून पुढे तो लाटा उठवतो. त्यामुळे सकाळी किनाऱ्याजवळ राहून शिकावे आणि दुपारी वारा वाढण्याआधी परतावे. मे महिन्याच्या अखेरीपासून पावसाळाभर जलक्रीडा बंद असतात. स्वतःच्या यंत्रालाही त्या काळात पाण्यात उतरवू नये. सूर्यास्तानंतर चालवू नये, कारण या यंत्रांवर सहसा रात्रीचे दिवे नसतात.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रात सागरी मंडळाच्या आणि गोव्यात बंदर कप्तान खात्याच्या कार्यालयात जाऊन नोंदणी, विमा आणि परवानग्यांची चौकशी यंत्र विकत घेण्यापूर्वीच करावी. खाडी व नद्यांतल्या यांत्रिक जलवाहनांना २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदाही लागू होतो. ज्यांना रीतसर शिकायचे आहे, त्यांच्यासाठी गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. यांत्रिक बोट चालवणे आणि जीवरक्षण या दोन्हींचे शिक्षण तेथे मिळते.

पाण्यात उतरवण्यापूर्वी

पिछाडीला खाली दोन बुचे असतात. ती काढलेली राहिली तर यंत्र हळूहळू भरून बुडते, आणि ही चूक नवशिक्यांपेक्षा घाईत असलेले जाणते जास्त करतात. म्हणून ट्रॉलीवरून यंत्र उतरवण्याआधी सर्वांत प्रथम बुचांना हात लावून पाहावे. मग सीट उघडून काही मिनिटे तशीच ठेवावी, म्हणजे आत साठलेली पेट्रोलची वाफ निघून जाते. वास येत असेल तर यंत्र सुरू करू नये. आधी गळती शोधावी. पेट्रोल टाकी काठोकाठ भरू नये आणि भरताना यंत्रावर कोणी बसलेले नसावे. याच वेळी तेलाची पातळी, बॅटरीच्या तारा घट्ट आहेत का, हँडल दोन्ही बाजूंना मोकळे वळते का, थ्रॉटल सोडल्यावर आपोआप परत येतो का आणि सुरक्षा दोरी ओढताच इंजिन खरोखर बंद होते का, हे तपासावे. शेवटची तपासणी रोजची समजावी.

टाकीतल्या पेट्रोलचे मनात तीन भाग करावेत. एक जाण्यासाठी, एक येण्यासाठी आणि एक न वापरण्यासाठी. परतताना वारा समोरून असला तर दुसऱ्या भागात भागत नाही, तेव्हा तिसरा कामाला येतो. मोबाइल पाणी न जाणाऱ्या पिशवीत अंगावर ठेवावा. त्यात तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक असावेत. कोठे जातो आणि केव्हा परतणार हे किनाऱ्यावरच्या एका माणसाला सांगून जावे.

यंत्र कंबरभर पाण्यात ढकलत नेऊन मगच सुरू करावे. निर्मात्यांच्या पुस्तिकांत तळाखाली ६० ते ९० सेंटिमीटर पाणी सांगितलेले असते. ते माणसे बसल्यावर, म्हणजे यंत्र दबल्यावर, उरणारे पाणी आहे. याहून उथळ पाण्यात इंजिन सुरू केले की पंप वाळू आणि शिंपले ओढतो. इम्पेलर आणि त्याच्याभोवतीचे कडे यांच्यातली फट कागदाच्या काही पानांइतकीच असते. वाळूने ती घासून मोठी झाली की इंजिन जोरात ओरडते, फेरे वाढतात, पण यंत्र पुढे जात नाही. दुरुस्तीचा मोठा खर्च वाचवायचा असेल तर परतताना किनाऱ्यापर्यंत चालवत येण्याचा मोह टाळावा. इंजिन खोल पाण्यात बंद करून उरलेले अंतर उतरून ढकलत आणावे.

पाण्यावर वागणे

आपण रस्त्यावर डाव्या बाजूने जातो, पाण्यावर मात्र नियम वेगळा आहे. दोन यांत्रिक नौका समोरासमोर आल्या तर दोघांनीही उजवीकडे वळायचे असते, म्हणजे त्या एकमेकांच्या डाव्या बाजूने निघून जातात. आयुष्यभर डावीकडे वळण्याची सवय झालेल्या हाताला हे शिकवावे लागते. मार्ग आडवा छेदणारी नौका आपल्या उजव्या हाताला असेल, तर वाट देण्याची जबाबदारी आपली. कोणाच्या पुढे जाताना जो पुढे जातो त्याने अंतर राखायचे. हे १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतले सांगणे झाले. प्रत्यक्षात मात्र जेट स्कीवाल्याने असे समजावे की समोरच्याने आपल्याला पाहिलेलेच नाही, कारण हे यंत्र पाण्यालगत बसलेले असते आणि लाटांआड दिसत नाही. वळण्यापूर्वी मान मागे वळवून पाहण्याची सवय अवश्य लावावी. या यंत्रांच्या एकमेकांशी होणाऱ्या टकरी पुष्कळदा न पाहता घेतलेल्या वळणामुळेच होतात.

मासेमारीच्या जाळ्यांना वळसा द्यावा. सिंधुदुर्गात रापण लावलेली असताना किनाऱ्यापासून समुद्रात अर्धवर्तुळ करून जाळे टाकलेले असते, तिची बोयांची, म्हणजे तरंगत्या खुणांची, रांग दिसली की तिच्या बाहेरून जावे. बोये दिसतात, पण त्यांच्यामधली दोरी दिसत नाही. एकदा संगमाजवळ परतताना तुटलेल्या जाळ्याची हातभर नायलॉन दोरी माझ्या यंत्रात गेली आणि इंजिन व्यवस्थित चालू असतानाही यंत्र जागच्या जागी थरथरत उभे राहिले. अशा वेळी मोह होतो तो जास्त थ्रॉटल देण्याचा. त्याने दोरी आणखी घट्ट बसते. इंजिन बंद करून सुरक्षा दोरी काढून घ्यावी आणि मगच पाण्यात उतरून तळाच्या जाळीत हात घालावा. दोरी जशी गुंडाळली गेली असेल त्याच्या उलट दिशेने ती हळूहळू सोडवता येते. माझी सुटली नाही आणि एका पातीमागे, म्हणजे मच्छीमारांच्या लहान होडीमागे, बांधून परत यावे लागले. ओढून नेतानाही वेग अगदी कमी ठेवायला सांगावे, नाहीतर पुढून जोराने शिरणारे पाणी थंड करण्याच्या नळीतून इंजिनापर्यंत पोहोचू शकते. पुस्तिकेत नळी चिमट्याने बंद करायला सांगितली असेल तर तसे करावे.

मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. डॉल्फिन दिसले की त्यांच्यामागे लागू नये आणि खडपांजवळून, म्हणजे पाण्यातल्या खडकांजवळून, वेगाने जाऊ नये. दारू घेऊन कोणीही, मागे बसणारासुद्धा, यंत्रावर चढू नये.

यंत्र उलटले तर

पडल्यावर सुरक्षा दोरीमुळे इंजिन बंद झालेले असते. पोहत पिछाडीकडे जावे. तेथे यंत्र कोणत्या बाजूने सरळ करायचे हे बाणाने दाखवणारे चिन्ह चिकटवलेले असते, आणि यंत्र उलटे असताना ते वाचता येईल असे लावलेले असते. बाणाच्या दिशेनेच उलटवावे. चुकीच्या बाजूने फिरवल्यास धुराड्यातले पाणी इंजिनात उतरू शकते. एका हाताने जाळीची कड आणि दुसऱ्याने काठ धरून, अंगाचे वजन टाकून ते फिरवता येते. नंतर पिछाडीवरूनच चढावे. बाजूने चढू गेल्यास यंत्र पुन्हा अंगावर येते. पहिल्याच दिवशी, छातीभर पाण्यात, माहितगार माणूस सोबत घेऊन हा सराव करून ठेवावा. यंत्र बराच वेळ उलटे राहिले असेल आणि सुरू होत नसेल, तर बटण दाबत राहू नये. इंजिनात पाणी भरलेले असताना ते फिरवण्याचा प्रयत्न केल्यास आतला दांडा वाकू शकतो. त्याच दिवशी मेकॅनिककडे न्यावे, कारण खारे पाणी पोलादाला गंज चढवायला रात्रीचाही अवधी घेत नाही.

यंत्र सुरू होत नसेल तर ते सोडून किनाऱ्याकडे पोहू नये. डोके दिसत नाही, यंत्र दिसते.

परत आल्यावर: गोड्या पाण्याने धुणे

देखभालीतले सर्वांत महत्त्वाचे काम हेच आहे आणि ते दर वेळी, त्याच दिवशी करायचे आहे. यंत्राला पाण्याची नळी जोडण्यासाठी वेगळे तोंड असते. क्रम असा आहे: नळी जोडावी, इंजिन सुरू करावे, मग नळ सोडावा. दोन-तीन मिनिटांनी आधी नळ बंद करावा, नंतर दोन-तीन वेळा थ्रॉटल हलकेच दाबून आत राहिलेले पाणी बाहेर उडवावे आणि मग इंजिन बंद करावे. म्हणजे पाणी वाहत असेल तेवढा सर्व वेळ इंजिन चालू असले पाहिजे. हे पाणी धुराड्याच्या मार्गातही जाते; इंजिनाचा धूर ते बाहेर ढकलत असतो. इंजिन बंद असताना नळ चालू राहिला तर ढकलणारे कोणी नसल्याने पाणी मागे चढून सिलिंडरात शिरते. उलट, पाण्याविना इंजिन काही सेकंदांपेक्षा जास्त चालवले तर रबरी भाग तापून जळतात. इंजिन चालू असताना पंपाच्या बाजूला कोणी हात घालू नये.

आणखी एक गोष्ट, जी पुस्तिकेत सापडणार नाही. किनाऱ्याजवळच्या अनेक विहिरींचे आणि बोअरचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. त्याने धुणे म्हणजे थोडे कमी खारे पाणी भरणे. धुण्यापूर्वी पाणी चाखून पाहावे, आणि मचूळ लागत असेल तर या कामासाठी साठवणीच्या टाकीत गोडे पाणी राखून ठेवावे.

त्यानंतर बुचे काढून यंत्र पिछाडीकडे किंचित उतरते ठेवावे, सीट उघडी ठेवून आतला भाग कोरडा होऊ द्यावा आणि धातूच्या भागांवर गंजरोधक फवारा मारावा. बाहेरून धुताना दाबाच्या पाण्याचा फवारा हवा आत घेण्याच्या तोंडांवर मारू नये. दर काही फेऱ्यांनंतर पंपात टॉर्च मारून इम्पेलरच्या कडा पाहाव्यात.

इंजिनाचे तेल आणि फिल्टर बहुतेक यंत्रांत दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा, यांपैकी जे आधी येईल तेव्हा बदलतात; नव्या यंत्राची पहिली सर्व्हिस याहून बरीच लवकर असते. मोटारीचे किंवा दुचाकीचे तेल चालेल का, असे विचारले जाते. पुस्तिकेत सांगितलेलेच घालावे, कारण हे इंजिन सतत उच्च फेऱ्यांवर आणि दमट हवेत चालते.

पावसाळ्यासाठी झाकून ठेवणे

कोकणात यंत्र वर्षातले तीन-चार महिने उभे राहते आणि त्याचे खरे नुकसान पुष्कळदा तेव्हा होते. मे महिन्यात शेवटची फेरी झाल्यावर तेल बदलून टाकावे. वापरलेल्या तेलातले आम्ल तीन महिने इंजिनात ठेवू नये. आपल्याकडच्या पंपांवर आता सर्रास २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल मिळते, तर या यंत्रांच्या पुस्तिकांत सहसा १० टक्क्यांपर्यंतचीच मुभा असते. म्हणून कोणते पेट्रोल वापरावे हे विक्रेत्याला लेखी विचारून घ्यावे. इथेनॉल हवेतले बाष्प शोषते आणि उभ्या टाकीत पाणी तळाला बसते, त्यामुळे पावसाळ्याआधी पेट्रोल टिकवणारे द्रव घालून इंजिन काही मिनिटे धुण्याच्या पाण्यावर चालवावे, म्हणजे ते नळ्यांपर्यंत पोहोचते. बॅटरी काढून घरात कोरड्या जागी ठेवावी आणि महिन्यातून एकदा चार्ज करावी.

प्लॅस्टिकच्या कागदाने घट्ट गुंडाळल्यास आत बुरशी धरते. हवा खेळेल असे कापडी आच्छादन घालावे आणि सीट लाकडाच्या पट्टीने बोटभर उचलून ठेवावी. उंदरांना तारांचे आवरण आवडते आणि धुराड्याचे तोंड त्यांना घर वाटते, म्हणून त्या तोंडात जाड कापडाचा बोळा बसवावा. बोळा कोंबला आहे अशी चिठ्ठी त्याच वेळी लिहून हँडलला बांधावी, नाहीतर सप्टेंबरमध्ये यंत्र सुरू का होत नाही हे शोधण्यात अख्खी सकाळ जाते.